कास असलेला देवमासा

परवा भरदुपारी सावेडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र शिरला. खोटं वाटत असेल तर खाली वॉचमनला विचारा. पण तो माझ्याच तालमीत तयार झालाय, तो दोन समुद्र सांगेल.

नातीच्या, मीराच्या शाळेनं अंधारात उजळणारे कागदी जलचर करून आणायला सांगितले होते. मीरानं पडदे ओढले, दाराच्या फटीला टॉवेल लावला, आणि पोटात बटणाएवढा दिवा घेऊन आमच्या बैठकीत एक खेकडा, एक कासव आणि झालरीझालरींची एक जेलीफिश लटकू लागली. घरभर डिंकाचा वास सुटला. देवमासा माझ्याकडे सोपवला होता. मी शेपूट कापली, पोट फुगवलं, आणि मग या बोटांनी मला न विचारता कागदाच्या चार बारीक सुरळ्या वळल्या आणि देवमाशाच्या पोटाखाली दोनाला दोन अशा चिकटवून टाकल्या.

“आजोबा, हे काय?”

“कास.”

“व्हेलला अशी कास नसते.”

“आमच्या देवमाशाला होती,” मी म्हणालो. एरवी एवढ्या धाग्यावर मी तासभर पतंग उडवला असता. त्या दिवशी मात्र मी स्टूल घेतलं, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. झाकण उघडताच धूळ, मेण आणि पतंगाचा कागद यांचा वास आला, आणि त्यामागून बहात्तर साल आलं.

दुष्काळ सगळ्यांनीच पाहिला, पण पारनेर तालुक्यातल्या आमच्या पठारावरचा दुष्काळ अस्सल होता. विहिरीत पोहरा सोडला तर वर येईपर्यंत पोहऱ्यालाच तहान लागायची. चिमण्या अंडं घालण्याआधी सावली शोधायला दुसऱ्या गावाला जाऊन यायच्या. आमच्या शाळेमागच्या लिंबाला त्या वर्षी एकूण अकरा पानं होती आणि मी सगळ्यांना नावानं ओळखत होतो. मी तेव्हा बावीस वर्षांचा, चौथीपर्यंतच्या शाळेचा एकटाच गुरुजी. मोठी माणसं खडी फोडायला जायची. सकाळी सगळ्या माळावरून हातोड्यांचा आवाज यायचा, टक टक टक, जणू कुणी जमिनीचं दार वाजवतंय आणि आतून कुणी उघडत नाहीये. पोरं शाळेत यायची ती सुकडीसाठी, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या त्या गोडसर पिठासाठी. सुकडी वाटून झाली की त्यांना घरी जायची घाई नसायची, कारण घरी काही नसायचं. मग मी त्यांना समुद्र सांगायचो.

समुद्र मी पाहिलेला नव्हता. शाळेच्या कपाटात जलचरांच्या चित्रांचं एक पुस्तक होतं, तेही वाळवीनं अर्धं खाल्लेलं. खेकड्याची डावी बाजू शिल्लक, माशाचं नुसतं डोकं, देवमाशाची शेपूट आणि खाली एकच ओळ, की हा प्राणी पिल्लांना दूध पाजतो. वाळवीनं खाल्लेलं मी पदरचं घालून भरून काढलं. मी सांगितलं, मी कासवाच्या पाठीवर बसून खाडी ओलांडलेली आहे. देवमासा जांभई देतो तेव्हा बैलगाडी बैलांसकट आत जाते आणि त्याला ठसकासुद्धा लागत नाही. एक गावही वसवलं, माणिकबंदर. तिथं पाणी इतकं, की लोक पाण्यावर अंथरूण घालून झोपतात. माणिकबंदरच्या बोळाबोळांतून मी पोरांना हिंडवलं. कोपऱ्यावर कोणाचं दुकान आहे हे मी विसरलो तर पोरं आठवण करून द्यायची.

मग नगरहून पगाराबरोबर मी पतंगाच्या कागदाची गुंडाळी आणली, आणि आम्ही समुद्र करायला घेतला. तुरकाठ्या कुणाच्या तरी वळचणीला उरल्या होत्या, त्या भिजवायला पाणी नव्हतं, म्हणून पोरं त्या तोंडाच्या वाफेनं नरम करून वाकवायची. चिकटवायला मिलोच्या पिठाची खळ शिजवली, ती रेशनवरची लाल ज्वारी, जिचा वास अजून नाकात आहे. पहिल्या दिवशी वाटीभर खळ कुठं गेली कळेना. सगळ्यांची तोंडं मिटलेली, ओठांच्या कडा लाल. मी म्हणालो, अष्टपाद पिऊन गेला वाटतं. दुसऱ्या दिवसापासून मी दोन वाट्या शिजवायला लागलो, एक आमच्यासाठी, एक अष्टपादासाठी.

काय काय झालं म्हणून सांगू! अष्टपादाला आठ पाय म्हटल्यावर पोरांनी त्याला आठ वहाणा घातल्या. समुद्रघोड्याला खोगीर आलं आणि नवरदेवाच्या घोड्यासारखं बाशिंगही आलं. माशाला कान निघाले, कारण हाक मारल्यावर त्याला ऐकू कसं येणार? मी एकही चूक दुरुस्त केली नाही. कोणत्या तोंडानं करणार होतो?

फक्त तानी काही करत नव्हती. आठ-नऊ वर्षांची, केस रंग उडालेल्या सुतळीसारखे, कोपऱ्यात गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसलेली. तिचा बाप किसन दिवाळीच्या आधी जगायला म्हणून गेला होता. तेव्हा असंच म्हणत, ‘जगायला गेला’. सडकेवर उभा राहिला, एका मालट्रकनं घेतलं, बस. कुठं ते त्यालाही माहीत नव्हतं. चार महिने ना चिठ्ठी ना निरोप.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. कागद का घेत नाहीस, विचारलं. 

“गुर्जी, देवमासा गाडी गिळतो, मग मानूस बी गिळत असंल?”

“गिळेल की. त्याला काय!”

“आबा तिकडंच गेला असंल तर?”

तिथं थांबायला हवं होतं. एखादा सरळ माणूस म्हणाला असता, बाळ, मला माहीत नाही. पण माझ्या जिभेला ब्रेक कधीच नव्हता, आणि त्या पोरीचे डोळे असे होते की त्यात काहीतरी घातल्याशिवाय राहवेना.

“अगं, तुझा आबा ना? मला भेटला की माणिकबंदरला! पगाराला नगरला गेलो ना, तसाच पुढं गेलो होतो. चांगला गरगरीत झालाय. देवमाशाच्या पाठीवर पोती लादतो.”

तानीनं डोळे मिटले. हिशेब मांडत असावी. मग म्हणाली, “तुमीच म्हनलात देवमासा दूध देतो.”

“देतो ना.”

“मग दूध देनारं जनावर मानूस खात न्हाई.”

असं म्हणून ती उठली आणि तिनं कागद घेतला. तीन दिवस तिचा देवमासा चालला होता. कपाळावर पांढरी चांदणी, तिच्या चंद्रीला होती तशी. चंद्री म्हणजे त्यांची गाय, ती नगरजवळच्या चारा छावणीत नेऊन बांधली होती. पोटाखाली चार सुरळ्यांची कास, टच्च भरलेली, निळ्या कागदात गुलाबी. ती कास करताना पोरीनं जीभ दातात धरली होती, आणि एक सड वाकडा झाला तर उकलून पुन्हा केला. शेवटी गळ्यात चंद्रीची पितळी घाटी बांधली. छावणीत नेताना तिनं ती सोडून घरी ठेवली होती.

उजळवायचे कुठं? माळावर ऊन असं, की मेणबत्ती लावली तर ज्योत दिसायची नाही, मेण तेवढं वितळायचं. अंधार हवा होता, आणि गावात भरदिवसा अंधार एकाच ठिकाणी शिल्लक होता, तात्यांच्या कोरड्या विहिरीत. तात्या म्हणजे बांधापलीकडचे शेतकरी, मिशा मोठ्या, बोलणं तिखट. विहीर पाताळापर्यंत होती. अगदी कमी करून सांगायचं तर साठ हात. मी परवानगी मागितली तर त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“सरकारी इंजनेराला न्हाई सापडलं पानी, आन् तुमचा समुद्र माझ्या हिरीत निगाला व्हय?” मग म्हणाले, सोडा, पण पोरगं आत पडलं तर त्याच्यामागं तुम्हाला ढकलीन. आणि स्वतःच मोटेचा नाडा घेऊन आले. मोट बंद होती, नाडा सुकून कडक झाला होता, त्याला अजून जुन्या पाण्याचा वास होता.

माघातली दुपार. काठावर पोरं पालथी, त्यांच्या पायांचे घोटे घट्ट धरून तात्या आणि मी. एकेक जलचर मेणबत्तीच्या तुकड्यानिशी खाली सोडला. वरच्या उजेडात ते नुसते कागद होते. पंधरा-वीस हात खाली गेले आणि एकदम जिवंत झाले. लाल खेकडा भिंतीला घासत उतरला. वहाणा घातलेला अष्टपाद स्वतःभोवती फिरला. ओल नसलेल्या दगडांवर निळा, हिरवा उजेड हलायला लागला, आणि तो पाण्यासारखा हलत होता. देवाशपथ सांगतो, पाण्यासारखा. मी या जन्मात जे काही वाढवून सांगितलं, त्यातलं हे नाही. तात्यांनी वाकून पाहिलं आणि पागोटं काढून हातात घेतलं. त्यांनी त्या विहिरीत एक वर्षानं काहीतरी चमकताना पाहिलं होतं.

सगळ्यात शेवटी तानीचा देवमासा. सोडण्याआधी तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि गाईला दावणीला बांधताना बोलावं तशी ती हळू बोलली, “मानूस दिसला तर अंगाला अंग घास. मारू नगस.”

तो खाली गेला. कास उजळली. खालून, फार खालून, चंद्रीची घाटी वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी तानीची आई शाळेत आली. गोदाबाई. खडीच्या कामावरून तशीच आलेली, भुवयांवर दगडाची पांढरी पूड, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती.

“गुर्जी, तानीचा बाप भेटला म्हनं तुमाला. खरंच का?”

सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. तानीनं येऊन माझं बोट धरलं होतं. खोटं बोलणाऱ्याला अशा वेळी फार कष्ट पडत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. निम्मं काम ऐकणारा करतो. मी नुसतं ‘हो’ म्हणालो. बाकीचं तीच बोलत गेली. दाढी वाढली असंल. वाढलीय. डोक्याला तेच मळकं फडकं असंल. तेच. खोकला ऱ्हायला का? राहिला की, समुद्राची हवा. मी मान हलवत गेलो, आणि प्रत्येक मानेबरोबर तिच्या चेहऱ्यावरची पूड एकेक रेघ सोडत होती.

“काई म्हनला का?”

इथं मला मान हलवून भागेना. मी शिकलेला माणूस, रिकाम्या जागा भरायची सवय.

“म्हणाला, पोरीला बघावंसं वाटतं.”

गोदाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. मग तिनं मला नमस्कार केला. त्या नमस्काराचं काय करायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

होळीच्या सुमारास तालुक्याला मास्तरांची बैठक होती. मी दोन दिवस पारनेरला होतो. तिथंही माणिकबंदर सांगून चार मास्तरांना हसवलं. परत आलो तर तात्या शाळेच्या पायरीवर बसलेले, मांडीवर देवमासा.

“गोदी गेली,” ते म्हणाले. “पोरीला घिऊन. सडकंला गाडी गावली. म्हनली, मानिकबंदराला जाते, गुर्जींनी सांगितलंया. आमाला तरी कुटं ठावं? कुनीकडं आलं वो ते?”

 माझ्या आयुष्यात तो प्रश्न पहिला, ज्याला माझ्याकडे गोष्ट नव्हती. तात्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि हळूहळू त्यांना कळलं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते उठले आणि देवमासा माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाले, की पोरीनं निरोप ठेवलाय. आबा चुकून इकडून आला तर त्याला दिसावं म्हणून हिला रोज हिरीत सोडत जा. हिला, म्हणाली होती. देवमासा तिच्या लेखी गायच होता.

गोदाबाईच्या दाराला बाभळीची फांदी लावलेली होती. आत वासरू नाही, कोंबडी नाही, तरी फांदी नीट आडवी, कुणी येऊ नये म्हणून. म्हणजे परत यायचं होतं.

मी शोधलं. किती शोधलं ते सांगत नाही, कारण सांगायला लागलो की वाढवेन. सडकेवर उभा राहिलो, ट्रकवाल्यांना विचारलं. नकाशे पाहिले. समुद्राला गावं फार होती, आणि त्यात माणिकबंदर नव्हतं. रोज दुपारी देवमासा विहिरीत सोडत होतो. मेणबत्त्या संपल्यावर बिनउजेडाचा सोडला. अंधारात नुसती घाटी वाजायची.

पाऊस झाला त्या वर्षी, सगळीकडे झाला. पेरणी तोंडावर आली, जगायला गेलेले लोक एकेक करून परतू लागले, आणि एका सकाळी शाळेच्या दारात किसन उभा होता. खांद्यावर फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. तो कोल्हारकडं होता. प्रवरेच्या काठाला, उसात, गुऱ्हाळावर. तीन-चार दिवसांची पायवाट. त्यानं समुद्र नाव ऐकलं असेल तेवढंच. दाढी नव्हती. खोकला होता तसाच होता.

“दाराला काटी हाय, गुर्जी. कुटं गेल्यात?”

मी सांगितलं. पहिल्यांदाच एक गोष्ट मी जशीच्या तशी सांगितली, आणि ती किती लहान होती! चार वाक्यांत संपली. मधे पोरं आत पाढे म्हणत होती. तो उकिडवा बसून ऐकत होता. मी आतून आणलेला देवमासा त्यानं घेतला, घाटी ओळखली. कासेवरून अंगठा फिरवला, सड मोजल्यासारखा. मला वाटलं, मारेल. मारावं असं मला फार वाटत होतं.

“समुद्र कुनीकडं हाय?” त्यानं विचारलं.

मी भूगोल शिकवत होतो. मी हात उचलून मावळतीकडे केला. त्या सबंध प्रकरणात माझ्या पदरी एवढंच खरं होतं, दिशा.

तो उठला. गुळाची ढेप पायरीवर ठेवली. “पोरगी यील तवा द्या. उनात नगा ठिवू.” घाटी त्यानं काढून घेतली नाही. देवमासा मला परत दिला आणि मावळतीकडे चालू लागला. बाजरीच्या पाभरी चाललेल्या शेतांमधून, ओल्या मातीच्या वासातून, त्याचं मळकं फडकं बराच वेळ दिसत होतं.

ढेप मी वर आढ्याला टांगली. पावसाळ्यात तिला पाणी सुटलं, थेंब थेंब गळायची. पोरं खाली तोंड वासून उभी राहायची आणि मी त्यांना हाकलायचो. एवढा वाईट गुरुजी मी पूर्वी कधी नव्हतो. दिवाळीपर्यंत मुंग्यांनी ती संपवली. तात्यांच्या विहिरीला पाणी आलं, वीस हात, निळंशार. वरून पाहिलं की आपलाच चेहरा दिसायचा; मी पाहणं सोडलं. पुढच्या वर्षी बदली मागून घेतली.

त्यांचं पुढं काय झालं, एकमेकांना सापडले का, मला माहीत नाही. कधी वाटतं, तिघंही कुठल्यातरी मिठागरावर एकमेकांसमोर उभे राहिले असतील. हे मी इतक्या वेळा, इतकं रंगवून स्वतःला सांगितलंय, की ते खरं नसणार.

तर परवा मी ट्रंकेतून त्या देवमाशाचा सांगाडा बाहेर काढला. कागद केव्हाच गेलाय, एका सडाला गुलाबी चिटोरा तेवढा राहिलाय. मीरानं तिचा बटणदिवा त्याच्या पोटात ठेवला. तुरकाठ्यांच्या सावल्या छतावर हलायला लागल्या, आणि सांगाडा हलला की घाटी वाजे. पोरगी खूश झाली. म्हणाली, मे महिन्यात आपण सगळे अलिबागला जाऊच, बाबा बुकिंग करणार आहेत, आणि या वेळी तुमची पाठ दुखायची नाही हं. दर वेळी माझी पाठ दुखते. कधी गुडघा. एकदा तर मला ऐन निघायच्या सकाळी कांजिण्या झाल्या होत्या, साठाव्या वर्षी.

“तुम्ही तिथं गेला होता ना, आजोबा? कासवावर बसून?”

घाटी थांबेपर्यंत मी थांबलो.

“नाही गं. मी समुद्र कधीच पाहिला नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग पोट धरून हसली. “काय थापा मारता हो आजोबा!” म्हणाली, आणि तिनं तिच्या नव्या देवमाशाची सैल झालेली कास बोटानं दाबून पुन्हा चिकटवली.